वकिली करणारी ‘व्यक्ती’ कोण? कॉर्नेलिया सोराबजी आणि न्यायालयाचे दार

१/ स्त्रीला वकिली करता येईल का? १९२१ साली हा प्रश्न हिंदुस्थानातील दोन उच्च न्यायालयांपुढे होता. अलाहाबादने होकार दिला, पाटण्याने नकार. वर्ष तेच, राज्यकर्ते तेच. उत्तरे मात्र परस्परविरुद्ध. अलाहाबादच्या होकारामागे नाशिकात जन्मलेल्या एका स्त्रीची दोन तपांची प्रतीक्षा होती.

२/ कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर होण्याचा मान त्यांनी मिळवला. अंतिम परीक्षेत कॉलेजात पहिल्या येणाऱ्यास इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. सोराबजी पहिल्या आल्या. शिष्यवृत्ती मात्र स्त्री म्हणून नाकारली गेली.

३/ अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये सोराबजी ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ मध्ये विशेष परवानगीने त्यांनी कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. पदवी मात्र १९२२ मध्ये हाती पडली, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षांचे अंतर!

४/ मायदेशी परतल्यावर १८९७ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्यांनी दिली आणि त्यात यश मिळवले. तरी सनद नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : त्यांची पात्रता तपासण्यास संस्था तयार होत्या, ती सिद्ध झाल्यावर मान्य करण्यास नव्हत्या.

५/ या नकाराला कायद्याचा आधार कोणता? १८७९ च्या वकिलीविषयक कायद्यात स्त्रियांना स्पष्ट मनाई नव्हती. शिवाय कायद्यांच्या अर्थाविषयी एक सर्वसाधारण नियम होता : पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश धरावा. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात सनदेची मागणी केली, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला.

६/ न्यायालयाने मागणी फेटाळली. निकालाचा आशय असा : आजवर स्त्रिया वकील नव्हत्या, म्हणून कायदा करणाऱ्यांच्या मनात त्या असणे शक्य नाही. हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. वगळल्या म्हणून स्त्रिया दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून वगळायच्या. पूर्वग्रहाला येथे परंपरेचे वस्त्र मिळाले.

७/ आणि गरज तर उघड होती. पडदानशीन विधवांच्या नावे मोठ्या इस्टेटी असत. परपुरुष असलेल्या वकिलाला भेटणे त्यांना अशक्य. १९०४ मध्ये बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’ या खात्याने सोराबजींची सल्लागार म्हणून नेमणूक केली. शेकडो स्त्रिया आणि अनाथ मुले यांच्या हक्कांसाठी त्यांनी तेथे काम केले.

८/ पण ही नेमणूक दुधारी होती. ‘स्त्रियांचे प्रश्न स्त्रीनेच पाहावेत’ या समजुतीने त्यांना जागा दिली आणि त्याच समजुतीने त्या जागेची सीमाही आखली. ज्ञान हवे, सल्ला हवा. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मात्र नको.

९/ १९२१ मध्ये अलाहाबादने अखेर सनद दिली. त्याच वर्षी पाटण्याने सुधांशुबाला हाजरा यांना ती नाकारली. हा गोंधळ १९२३ च्या कायद्याने मिटला : केवळ स्त्री म्हणून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही. लवकरच मिठान टाटा, पुढील काळातील मिठान लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१०/ सोराबजींनी १९२४ मध्ये कलकत्त्यात वकिली सुरू केली, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. तेथेही बाजू मांडण्याऐवजी बहुधा लेखी अभिप्राय तयार करण्याचेच काम त्यांच्या वाट्याला आले. कायद्यातील शब्दाचा अर्थ बदलला होता. न्यायालयातील सवय बदलली नव्हती. म्हणून एखाद्या संस्थेचा इतिहास वाचताना दार कधी उघडले एवढेच पाहू नये. आत आलेल्यांना कोणते काम मिळाले, हेही विचारावे.