ब्लॅकजॅकमधील 'साइड बेट' : पैज छोटी, किंमत मोठी

अकोले (प्रतिनिधी) : तीन पानी खेळणाऱ्याला पत्त्यांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. एक्का, राजा, राणी, गुलाम किंवा कलर, रन, ट्रेल हे शब्द गावोगावी परिचयाचे आहेत. मात्र गोव्याच्या सहलीत मांडवी नदीतील कॅसिनो जहाजावर गेलेला पर्यटक ब्लॅकजॅकच्या टेबलापाशी बसतो, तेव्हा मुख्य पैजेच्या वर्तुळाशेजारी आणखी एक-दोन छोटी वर्तुळे त्याच्या दृष्टीस पडतात. ही 'साइड बेट'ची, म्हणजेच ऐच्छिक पूरक पैजेची जागा होय. रक्कम थोडी आणि बक्षीस मोठे, असे तिचे स्वरूप असते. तिची खरी किंमत किती, हे साध्या अंकगणिताने काढता येते.

मूळ खेळ

ब्लॅकजॅकमध्ये २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करावयाची असते. राजा, राणी व गुलाम यांचे प्रत्येकी १० गुण, तर एक्क्याचा १ किंवा ११ गुण धरतात. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा गुणांचे पान आले की 'ब्लॅकजॅक' होतो व त्यावर बहुधा १०० रुपयांस १५० रुपये मिळतात. काही टेबलांवर १२० रुपयेच दिले जातात. त्यामुळे कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. नियम अनुकूल असतील आणि प्रत्येक निर्णय शास्त्रशुद्ध घेतला, तर मुख्य पैजेवर कॅसिनोचा सरासरी वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. पूरक पैजांचा हिशेब याहून निराळा आहे. पुढील आकडे सहा कॅटच्या, म्हणजे ३१२ पानांच्या खेळाचे आहेत.

इन्शुरन्स

डीलरचे उघडे पान एक्का असल्यास मूळ पैजेच्या निम्म्यापर्यंत रक्कम 'इन्शुरन्स' म्हणून लावता येते. डीलरचे झाकलेले पान दहा गुणांचे निघाले, तर १०० रुपयांवर २०० रुपये मिळतात. हा व्यवहार तोट्याचा ठरू नये यासाठी असे पान तीनांतून एकदा यावयास हवे. प्रत्यक्षात उरलेल्या ३११ पानांपैकी ९६ पानेच दहा गुणांची असतात. हे प्रमाण ३०.९ टक्के भरते. परिणामी १०० रुपयांमागे सरासरी ७ रुपये ४० पैसे कॅसिनोकडे जातात.

नावात विमा असला तरी ही आपल्या हातातील पानांची सुरक्षा नव्हे. डीलरच्या झाकलेल्या पानावर लावलेली ती स्वतंत्र पैज आहे. हातात दोन राजे असणाऱ्यास वीसची बेरीज जपाविशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दहा गुणांची दोन पाने त्याच्याच हाती आल्याने डीलरला तसे पान मिळण्याची शक्यता आणखी घटते आणि तोटा ८.७ टक्क्यांवर जातो.

स्वतःचा ब्लॅकजॅक झाला असता डीलर 'इव्हन मनी' देऊ करतो. तोही इन्शुरन्सचाच दुसरा अवतार होय. ते स्वीकारल्यास १०० रुपयांवर १०० रुपये निश्चित मिळतात. नाकारल्यास कधी काहीच मिळत नाही, कधी १५० मिळतात. पण सरासरी सुमारे १०४ रुपये पडते.

परफेक्ट पेअर्स

खेळाडूच्या पहिल्या दोन पानांची जोडी जमली, तर ही पैज जिंकते. प्रचलित दरपत्रकानुसार बदाम राणीवर बदाम राणी अशी तंतोतंत जोडी आल्यास २५ पट, बदाम व चौकट अशी एकाच रंगाची असल्यास १२ पट, तर लाल-काळी मिश्र जोडी असल्यास ६ पट रक्कम मिळते. पहिले पान आल्यावर उरलेल्या ३११ पानांत तंतोतंत जोडीची ५, समान रंगाची ६ व मिश्र जोडीची १२ पाने असतात. म्हणजे २३ पाने जिंकून देणारी आणि २८८ हरवणारी. सरासरी तोटा १०० रुपयांमागे ६ रुपये ११ पैसे होतो. मिश्र जोडीस ६ ऐवजी ५ पट देणाऱ्या टेबलावर तो जवळपास १० रुपयांवर पोहोचतो. दरपत्रकातील एका आकड्याचा हा परिणाम आहे.

ट्वेंटीवन प्लस थ्री

येथे खेळाडूची दोन पाने व डीलरचे उघडे पान मिळून तीन पानांचा डाव धरला जातो. कलर, रन, ट्रेल किंवा पक्की रन जमल्यास मूळ दरपत्रकाप्रमाणे सरसकट ९ पट रक्कम मिळते. असा डाव १०० वेळांत साधारण ९.७ वेळा जमतो व तोटा ३.२४ टक्के राहतो. मात्र प्रत्येक प्रकारास वेगळा दर लावणारी टेबलेही असतात. तेथे हा आकडा बदलतो.

एका तासाचा हिशेब

समजा, एका तासात ६० डाव झाले. मुख्य पैज १,००० रुपयांची असेल, तर ६० हजार रुपये फिरतात आणि अर्ध्या टक्क्याने सरासरी तोटा ३०० रुपये होतो. सोबत प्रत्येक डावात परफेक्ट पेअर्सवर २०० रुपये लावल्यास १२ हजार फिरतात. परंतु तोटा सुमारे ७३३ रुपयांचा. पैज एक पंचमांश, तोटा मात्र दुपटीहून अधिक! याचे कारण असे, की मुख्य खेळात पान घ्यावे की थांबावे याचा निर्णय खेळाडूच्या हाती असतो. वरील दोन पैजांत रक्कम ठेवल्यानंतर त्याला काहीच करावयाचे उरत नाही. कौशल्याने तोटा कमी करण्याची वाट तेथे बंद असते. एखाद्या संध्याकाळी २५ पट रक्कम हाती पडू शकते, परंतु डाव वाढत जातात तशी सरासरी आपला अंमल दाखवू लागते. शिवाय या हिशेबात कर धरलेला नाही. चिप्सच्या खरेदी रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागू झाला व २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के करण्यात आला.

कायदा काय सांगतो?

गोव्यात १९९६ च्या कायदेदुरुस्तीने जहाजांवरील टेबल खेळांना वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत झाला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. अकोल्यासह राज्यात जुगार अड्ड्यांवरील कारवाई १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार होते. मोबाइलवर पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. त्यामुळे घरबसल्या ब्लॅकजॅकचे आमिष दाखविणाऱ्या ॲपपासून दूर राहणेच हिताचे.

टेबलापाशी बसण्यापूर्वी कॅट किती, ब्लॅकजॅकचा दर काय आणि पूरक पैजेचे दरपत्रक कोणते, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर समाधानकारक नसल्यास छोटे वर्तुळ रिकामे ठेवण्यास कोणाचीही हरकत नसते. खेळ आवरता येत नसेल किंवा हरलेले पैसे परत मिळविण्यासाठी उसनवारी सुरू झाली असेल, तर शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मोफत संपर्क साधता येतो.