मेमेलचा तिसरा रकाना

ऑफिसात फॉर्म बनवताना ड्रॉपडाऊनच्या शेवटी मी ‘इतर’ टाकतो आणि विसरून जातो. तो पर्याय फार कोणी निवडत नाही, असं वाटायचं. मग मेमेलची १९२५ची जनगणना वाचनात आली.

मेमेल म्हणजे बाल्टिक समुद्रावरचं एक बंदर आणि त्यामागची चिंचोळी पट्टी. आजचं लिथुआनियातलं क्लायपेडा. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश जर्मनीपासून तोडला गेला, काही काळ फ्रेंचांच्या कारभाराखाली राहिला आणि जानेवारी १९२३मध्ये लिथुआनियाने तिथे उठाव घडवून तो घेतला. १९२४च्या आंतरराष्ट्रीय कराराने हा ताबा मान्य झाला, पण अट होती स्वायत्ततेची: स्वतःचं विधिमंडळ, आणि जर्मन व लिथुआनियन या दोन्ही राजभाषा.

लिथुआनियाचा हिशेब सोपा होता. खेड्यापाड्यांत लोक घरी लिथुआनियन बोलतात, म्हणजे ते आपलेच. जनगणनेत मात्र ४० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःला ‘जर्मन’ म्हटलं, सुमारे २७ टक्क्यांनी ‘लिथुआनियन’, आणि जवळपास चौथाई लोकांनी सांगितलं, आम्ही ‘मेमेलचे’.

१९ ऑक्टोबर १९२५ला पहिली निवडणूक झाली. २९पैकी २७ जागा जर्मन बाजूच्या पक्षांनी जिंकल्या. म्हणजे स्वतःला लिथुआनियन म्हणवणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांनी लिथुआनियाच्या बाजूला मत दिलं नव्हतं.

असं का झालं? १४२२च्या तहापासून ही पट्टी सीमेच्या प्रशियन बाजूला होती. इथले लोक ल्युथरन, पलीकडचे कॅथलिक. इथे प्रार्थना लिथुआनियनमध्ये व्हायची, पण शाळा आणि पलटण जर्मन. पाचशे वर्षांनी पलीकडून आलेला अधिकारी घरचीच भाषा बोलायचा, तरी परका वाटायचा.

सरकारने निकालाचा अर्थ वेगळा लावला: हे मूळचे लिथुआनियनच, फक्त जर्मन वळण लागलेले, त्यांना परत वळवायचं. मग गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्यात सतत खटके उडत राहिले. १९२६च्या अखेरीस लष्करी कायदा आला. मार्च १९३९मध्ये हिटलरने हा प्रदेश घेतला, आणि युद्धाच्या शेवटी बहुतेक रहिवासी घरं सोडून गेले.

‘मेमेलचे’ म्हणणारे जर्मनीच्या प्रेमात होतेच असं नाही. त्यांनी एक तिसरं उत्तर दिलं होतं. दोन्ही बाजूंनी ते आपापल्या सोयीच्या रकान्यात ढकललं.