पंढरपूरचा पाळणा

पाडव्यानंतर दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते. घरातला फराळ अजून संपलेला नसतो, आणि पंढरपुरात पुन्हा पाऊल ठेवायला जागा उरत नाही. आपण सारे ही यात्रा ओळखतो ती टाळमृदंगावरून आणि चंद्रभागेच्या वाळवंटावरून. पण मोठ्या यात्रेच्या गावाचा आणखी एक गुण असतो. तिथे कोणी कोणाला 'तुम्ही कोण, कशाला आलात' असे विचारत नाही. देवाच्या दाराशी आलेल्या माणसाला कारण सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात या गुणाचा आधार ज्या बायकांनी घेतला, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. आणि मौज अशी, की मी त्यांच्यापर्यंत पोचलो तो भक्तीच्या वाटेने नव्हे, तर पदव्युत्तर अभ्यासाच्या वाटेने.

पन्नासएक वर्षांपूर्वी मी समाजकार्याचा दोन वर्षांचा अभ्यास केला. घरी कोणाला हे शिक्षण म्हणजे काय ते नीट सांगता येईना. आमच्या आत्याने एकदा स्पष्टच विचारले, "अरे, लोकांचे भले करायलाही कॉलेजात जावे लागते का?" वर्गात आम्हांला या प्रश्नाचे ठरावीक उत्तर शिकवीत. लंडनमध्ये १८६९ साली दानधर्माला शिस्त लावणारी संस्था निघाली, न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली उन्हाळी वर्ग सुरू झाले, मेरी रिचमंडबाईंनी १९१७ साली जाडजूड ग्रंथ लिहून माणसाची अडचण कशी तपासावी ते सांगितले, आणि मग १९३६ साली मुंबईत नागपाड्याला आपल्या देशातली पहिली शाळा उघडली. उत्तर खरे होते. पण आत्याला ते पटले नसते, आणि खरे सांगायचे तर मलाही पुरते पटले नव्हते. मधला एक मोठा दुवा त्यात सुटलेला होता. तो पंढरपुरात आहे.

१८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर त्रवाडी नावाचे एक गुजराती गृहस्थ न्यायखात्यात अधिकारी होते. प्रार्थना समाजाचे ते अनुयायी. त्यांनी पुढाकार घेऊन तेथे अनाथ आणि टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. प्रार्थना समाजाने तो चालविला, आणि पुढे समाजाच्या संस्थापकांपैकी वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव त्याला मिळाले. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्याआधीच, १८६३ साली, बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. तेव्हा कल्पना नवी नव्हती. नवे होते ते स्थळ.

पंढरपूरच का? विचार केला म्हणजे उत्तर समोरच दिसते. आठव्या-नवव्या वर्षी लग्न, बाराव्या-तेराव्या वर्षी वैधव्य, केशवपन, आणि मग सासरच्या किंवा माहेरच्या माजघरात उभा जन्म. विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा देणारा कायदा १८५६ साली झाला होता, पण तो कागदावर. अशा मुलीवर घरातल्याच कोणाची वाईट नजर पडली आणि दिवस गेले, तर तिला घराबाहेर पडायला मिळणारे एकमेव सभ्य निमित्त म्हणजे तीर्थयात्रा. 'विठोबाच्या पायांशी महिनाभर राहून येते' म्हटले, की शेजारीपाजारी हात जोडत. गावात मठ होते, धर्मशाळा होत्या, यात्रेकरूंना उतरवून घेणारे वाडे होते. एक पांढऱ्या लुगड्यातली बाई त्या गर्दीत सहज मिसळून जाई. परत जाताना मात्र ती एकटीच गेली पाहिजे, ही अट होती. मूल मागे राहायचे, आणि ते कसे राहायचे, याला नदीकाठच्या गावात फार उत्तरे नव्हती.

कायद्याचे उत्तर कडक होते. १८६० सालच्या दंडसंहितेत बारा वर्षांखालील मूल टाकून देणाऱ्या आईबापांस सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती, आणि मृत अर्भक गुपचूप पुरून जन्म लपविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत. बापाचा शोध मात्र सहसा कोणी घेत नसे. लालशंकर न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसत. कायदा जिथवर पोचतो त्याच्या पलीकडे काय उरते, हे त्या खुर्चीवरून फार जवळून दिसत असावे, असा माझा तर्क आहे. एरवी न्यायखात्यातल्या माणसाने पाळणा टांगण्याचे कारण नव्हते. त्यांचा हा छंद पंढरपुरापुरता राहिला नाही हेही सांगण्यासारखे आहे. पुढे अहमदाबादेत १८९२ साली निघालेल्या महिपतराम रूपराम अनाथाश्रमाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे.

आश्रम निघाला आणि वर्षभरात १८७६चा दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. गावेच्या गावे उठून रस्त्याला लागली, आणि वाटेवर आईबाप गमावलेली पोरे मागे राहिली. लाजेपायी टाकलेली मुले आणि भुकेपायी सुटलेली मुले अशी दोन्ही एका छपराखाली येऊ लागली. सांभाळणाऱ्यांचे काही शिक्षण नव्हते. तान्ह्याला आईचे दूध नाही तर काय पाजावे, देवी आल्या तर कोणाला वेगळे ठेवावे, मोठ्या मुलीचे लग्न कोणाशी लावावे, आणि तिचे कूळ विचारले तर काय सांगावे? सारे करता करता शिकायचे, आणि चूक झाली तर तिची किंमत मुलाने मोजायची. आत्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला इथे सापडले. भले करण्याची इच्छा त्या लोकांपाशी भरपूर होती. हाताशी विद्या नव्हती.

ती विद्या आपल्याकडे हळूहळू जमली. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला, तेव्हा सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागेल असा नियमच घातला. देशसेवा हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, असे इतक्या ठामपणे आपल्याकडे त्याआधी क्वचितच कोणी म्हटले असेल. त्याच समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये चालविली. मग क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी १९२५ साली मुंबईस आले. त्यांना पाठविणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे काम आपल्या सोलापुरातही होते. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली तिथली वसाहत हे मिशन चालवीत असे. मॅनशार्टांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत काम केले. टाटांच्या विश्वस्तनिधीचा पैसा आणि त्यांचा आग्रह यांतून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. नागपाड्याच्या गल्ल्या हीच त्यांची प्रयोगशाळा. १९४४ साली या शाळेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले, १९५४ साली ती देवनारला गेली आणि १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

इथे एक गोष्ट बोलून दाखवायला हवी. १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. झाले! हुशार मुले तिकडे वळली. पगार होता, पंखा होता, टेबल होते. अनाथाश्रमाच्या वाट्याला उरले ते उत्साही आणि बिनपगारी. आमच्या तुकडीतही हेच झाले, आणि मी त्यांना नावे ठेवीत नाही; मीसुद्धा पुढे आठ वर्षे एका गिरणीत काढली.

पण महाराष्ट्रातल्या दुसऱ्या दोन शाळांचे मूळ पाहा. नागपूरच्या कमलाताई होस्पेट स्वतः बालविधवा. परिचारिका होऊन त्यांनी १९२१ साली चार खाटांचे सूतिकागृह उघडले. त्यातून वाढलेल्या मातृसेवा संघाने १९५८ साली समाजकार्याची शिक्षणसंस्था काढली. पुण्यात अण्णासाहेब कर्वे १९६२च्या नोव्हेंबरात गेले, आणि १९६३ साली त्यांच्या नावाने कर्वे समाज सेवा संस्था निघाली. ज्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न करून गावचा बहिष्कार सोसला, ते हे कर्वे. म्हणजे पांढऱ्या लुगड्यातली जी बाई पंढरपुरात तोंड लपवून आली होती, तिचाच प्रश्न सोडविता सोडविता आपल्याकडे या विद्येच्या शाळा उभ्या राहिल्या. पाठ्यपुस्तकात हे असे लिहिलेले मी वाचले नाही.

आता त्या विद्येतल्या एका अडचणीविषयी. आमच्या शिक्षणात नोंदीला फार मान. भेट झाली की लिहा, कोण काय म्हणाले ते लिहा, आपल्याला काय वाटले तेही लिहा. जुन्या गृहांचा पाया याच्या बरोबर उलटा होता: विचारू नका, लिहू नका. त्या मौनाने किती बायका वाचल्या असतील! पण त्याच मौनाने मुलाच्या हाती कोरा कागद दिला. आजचा कायदा दोघांनाही सांभाळू पाहतो. २०१५च्या बालन्याय कायद्याप्रमाणे आईला मूल बालकल्याण समितीपुढे सोपविता येते, तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात, तिचे नाव गुप्त राहते. आणि दत्तक गेलेले मूल मोठे झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घ्यायची विनंती करू शकते. दोन हक्क समोरासमोर उभे आहेत, आणि मध्ये एक समाजकार्यकर्ती वही घेऊन बसलेली आहे.

त्या जागी मी एकदा बसलो होतो. १९७९ साल. क्षेत्रकार्यासाठी मला सोलापूरकडच्या एका जुन्या बालगृहात पाठविले होते. त्याचे नाव घेत नाही. साठीच्या घरातले एक गृहस्थ आले. लहानपणी इथूनच त्यांना एका कुटुंबाने नेले होते. आपली काही नोंद आहे का, एवढेच त्यांना हवे होते. मी जुने रजिस्टर काढले. एक ओळ होती: तारीख, 'मुलगा, सशक्त', आणि 'पहाटे दाराशी'. मी म्हटले, "आईवडिलांची नोंद नाही." ते बरे म्हणाले आणि गेले. मी अहवालात लिहिले, 'अर्जदारास माहिती दिली.'

आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्याखाली तांबड्या शाईने दोन प्रश्न लिहिले. 'ते कसे दिसत होते? त्यांना पान दाखविले का?' मला त्यांचा चेहरासुद्धा नीट आठवेना. बाईंनी संस्थेची परवानगी मिळविली, मला पत्र लिहायला लावले, आणि तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले. या वेळी बरोबर पत्नी होती. त्यांनी चष्मा लावला आणि त्या एका ओळीवरून बोट फिरविले. मग पत्नीने पिशवीतून एक जुने, फाटके पंचांग काढले. ते त्यांनी कुठून पैदा केले होते देव जाणे. दोघांनी मिळून तारखेची तिथी काढली. आषाढ शुद्ध अष्टमी.

"म्हणजे आई वारीला निघाली होती," ते म्हणाले.

याला पुरावा काहीच नव्हता. मी काही बोललो नाही. त्यांनी एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर ती तिथी लिहून घेतली, तिकीट बंडीच्या खिशात ठेवले आणि बाईंना विचारले, "पंढरपूरची गाडी किती वाजता आहे?"