नाव कोणत्या वहीत गेलं?

आमच्या शेजारचा मुलगा तेव्हा सोळाचा होता. पावसाळ्यात भुशी डॅमच्या वाटेवर कणसाच्या गाडीवर कामाला असायचा. तिथं एका पर्यटकाचा मोबाईल उचलला आणि पकडला गेला. त्याची आई पोलिसांना एकच विचारत होती, "साहेब, नाव कुठल्या वहीत लिहिलं?" मला तो प्रश्न भाबडा वाटला होता. खरं तर तोच मुद्द्याचा होता.

2015 च्या बाल न्याय कायद्याखालचे 2016 चे नमुना नियम सांगतात की, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची, घरच्या परिस्थितीचा अहवाल लिहायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. त्या मुलाचं नाव डायरीत गेलं.

इथवर यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. 1850 च्या कायद्यानं चुकलेल्या पोरांना कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला बांधून देता येऊ लागलं. 1897 च्या कायद्यात पंधराच्या आतल्या मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत धाडायची सोय होती, पण तिथं तीन ते सात वर्षं! मग 1924 साली मुंबई इलाख्याचा बालकायदा आला आणि मुलांसाठी वेगळ्या न्यायालयाची वाट उघडली. मुलाला शक्यतो कोर्टाच्या फेऱ्यातच अडकवू नये, हे तत्त्व मात्र 2015 च्या कायद्यात स्पष्ट शब्दांत आलं.

आपल्याकडे पोलीस स्वतः ताकीद देऊन प्रकरण मिटवू शकत नाहीत. निर्णय मंडळाचा असतो. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. त्यासाठी पुण्यात येरवड्याला जायचं. मी सोबत गेलो होतो. सकाळची लोणावळा लोकल, आईचा बुडालेला रोज, आणि डबाभर कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून खाली घातलेली मान. मंडळानं समज दिली, समुपदेशन लावलं आणि घरी पाठवलं.

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोघांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाला त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध होता. लोक चिडले, आणि ते रास्तच होतं. पण तेव्हापासून 'निबंध लिहून सुटला' हा विनोद प्रत्येक पोरावर चिकटतो. मोबाईल उचलणाऱ्यावरसुद्धा. माणसं मेली तिथली सवलत खुपली, म्हणून कणसाच्या गाडीवरच्या पोराची वाट बंद करायची का?

तो मुलगा आता तळेगावला कंपनीत आहे. बालपणीच्या अशा प्रकरणामुळे पुढे कोणी अपात्र ठरू नये, असं कायद्यातच लिहिलंय. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी झाली, तेव्हा त्याची आई रात्रभर जागी होती. पडताळणीत काहीच आडवं आलं नाही.