पदवीचे नाव आणि व्यवसायाचा अधिकार : व्यवसायोपचाराच्या पदव्युत्तर शिक्षणाचा इतिहास

१

'ऑक्युपेशनल थेरपी' या संज्ञेला मराठीत 'व्यवसायोपचार' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. आजच्या मराठीत व्यवसाय म्हणजे उदरनिर्वाहाचा धंदा अथवा पेशा. त्यामुळे रुग्णास एखादा धंदा शिकविण्याची ही योजना असावी, असा ग्रह सहज होतो. संस्कृतात मात्र या शब्दाचा रोख निश्चय व प्रयत्न यांकडे आहे. आणि मूळ इंग्रजी शब्दातही मनुष्याचा वेळ व चित्त व्यापणारी कोणतीही कृती अंतर्भूत होते. सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडाशी नेणे, पाटीवर अक्षर काढणे, बाजारातून भाजी आणणे, ही सर्व कामे या शास्त्राच्या दृष्टीने व्यवसायच होत. पक्षाघात, अपघात, जन्मजात व्यंग किंवा मनोविकार यांमुळे ज्याच्या हातून ही कामे निसटली, त्यास ती पुन्हा करता यावीत, यासाठी कृतीच्याच द्वारे केलेला उपचार तो व्यवसायोपचार होय.

संज्ञेविषयी जो घोटाळा होतो, तोच या शास्त्रातील पदव्यांच्या नावांविषयीही होतो. अमेरिकेत आज या पेशात प्रवेश करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन मार्ग आहेत : एक मास्टर्स पदवीचा, दुसरा 'ओ. टी. डी.' या डॉक्टरेटचा. दुसऱ्या मार्गास सामान्यतः अधिक काळ लागतो आणि खर्चही बहुधा अधिक येतो. तथापि दोन्ही मार्गांच्या अखेरीस राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची परीक्षा एकच आहे आणि रुग्णावर उपचार करण्याचा मूलभूत अधिकारही एकच आहे. एकाच दाराशी नेणाऱ्या या दोन वाटा का निर्माण झाल्या, हे विद्यापीठांच्या माहितीपत्रकांवरून कळत नाही. त्यासाठी या पेशाच्या शिक्षणाचा इतिहासच पाहावा लागतो.

२

१५ मार्च १९१७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी सहा व्यक्ती एकत्र आल्या आणि त्यांनी व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. ज्यांच्या घरी ही सभा भरली ते जॉर्ज एडवर्ड बार्टन वास्तुशिल्पी होते आणि स्वतः दीर्घ आजारातून व पक्षाघातातून गेलेले होते. थॉमस किडनर हेही वास्तुशिल्पीच. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम त्यांनी कॅनडात केले होते. सुसान कॉक्स जॉन्सन या हस्तकलांच्या शिक्षिका होत्या. एलेनॉर क्लार्क स्लॅगल यांची घडण शिकागोच्या हल हाउस या समाजसेवेच्या केंद्राच्या सान्निध्यात झाली होती. इझाबेल न्यूटन या बार्टन यांच्या कार्यवाह होत्या. सहा जणांत वैद्यकाची पदवी असलेले एकच गृहस्थ होते, ते म्हणजे मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डंटन.

या नामावलीचा अर्थ महत्त्वाचा आहे. या पेशाचा उगम विद्यापीठात झाला नाही, आणि सर्वस्वी रुग्णालयातही झाला नाही. विणकाम, वेतकाम, सुतारकाम यांच्या कार्यशाळा, वेड्यांच्या इस्पितळांतील सुधारणेची चळवळ आणि समाजसेवेची केंद्रे यांच्या संगमावर तो उभा राहिला. पुढे लवकरच अमेरिका महायुद्धात उतरली आणि जखमी सैनिकांसाठी 'पुनर्रचना-साहाय्यिका' या नावाने स्त्रियांची मोठी भरती झाली. त्यांचे प्रशिक्षण अल्पकालीन होते. निकड एवढी होती की, पदवीचा प्रश्न कोणी उपस्थितही केला नाही.

युद्ध संपल्यावर मात्र प्रतिष्ठेचा प्रश्न पुढे आला. वैद्यकाच्या दृष्टीने ही मंडळी टोपल्या विणावयास शिकविणारी होती. १९२१ मध्ये संस्थेने अमेरिकन व्यवसायोपचार संघ हे नाव घेतले आणि १९२३ मध्ये प्रशिक्षणाची किमान प्रमाणे ठरविली. १९३५ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघाच्या सहकार्याने शाळांना अधिमान्यता देण्याची पद्धत सुरू झाली. या सहकार्याने पेशास स्थैर्य लाभले. त्याचबरोबर, कोणते शिक्षण पुरेसे मानावे हे ठरविण्यात एका अन्य, अधिक बलवान पेशाचा वाटा मान्य झाला. पदवी उंचावण्याच्या पुढील सर्व प्रयत्नांमागे या असमान संबंधाची जाणीव कमीअधिक प्रमाणात आढळते.

३

विद्यापीठीय अवस्थेचा प्रारंभ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाला. १९४७ हे वर्ष त्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. फिलाडेल्फियाच्या हेलन विलर्ड व क्लेअर स्पॅकमन यांनी संपादिलेला पाठ्यग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला, आणि त्याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात या विषयाचे मास्टर्स शिक्षण सुरू झाले. हे शिक्षण पेशात आधीच आलेल्यांसाठी होते. पेशात प्रवेश देणे हा त्याचा हेतू नव्हता. पदविका आणि पदवी यांवरच व्यवहार चालत होता. त्याच विद्यापीठातील मेरी रायली यांनी १९६१ च्या स्लॅगल व्याख्यानात, वैद्यकाच्या छायेत वावरणाऱ्या या शास्त्राला स्वतःचा असा एक मूलभूत विचार आहे, अशी आग्रही मांडणी केली. तिची परिणती १९८९ मध्ये तेथे सुरू झालेल्या 'ऑक्युपेशनल सायन्स' या विषयाच्या पीएच्. डी. अभ्यासक्रमात दिसून येते.

येथे दोन प्रवाह वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला ज्ञाननिर्मितीचा : रायलींपासून पीएच्. डी. पर्यंतचा. त्याचे फळ संशोधक व अध्यापक हे होय. दुसरा प्रवेश-पदवीचा, म्हणजे रुग्णासमोर प्रथम उभे राहण्यास लागणाऱ्या किमान शिक्षणाचा. या दोहोंत 'मास्टर्स' आणि 'डॉक्टर' हेच शब्द वापरले गेल्याने आजचा विद्यार्थी संभ्रमात पडतो. ओ. टी. डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट आहे, आणि पीएच्. डी. ही संशोधनाची पदवी आहे. एकीचे काम दुसरीने भागेल, असे गृहीत धरता येत नाही.

४

१९९९ मध्ये अमेरिकन संघाने ठरविले की, पेशातील प्रवेशासाठी यापुढे पदवीनंतरचे शिक्षण आवश्यक असावे. १ जानेवारी २००७ पासून हा नियम अमलात आला आणि चार वर्षांच्या पदवीने थेरपिस्ट होण्याचा मार्ग तेथे बंद झाला. कॅनडातही याच सुमारास प्रवेशाची पातळी मास्टर्सपर्यंत गेली. दरम्यान, १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेब्रास्का राज्यातील क्रेटन विद्यापीठाने प्रवेश-पातळीवरील डॉक्टरेटचा पायंडा पाडला होता. औषधनिर्माण व भौतिकोपचार हे शेजारचे पेशे डॉक्टरेटकडे निघाले होते. त्यांच्या मागे राहू नये, ही भावनाही प्रबळ होती.

२०१४ मध्ये संघाच्या संचालक मंडळाने एकमेव प्रवेश-पदवी म्हणून डॉक्टरेटचा पुरस्कार केला. ऑगस्ट २०१७ मध्ये अधिमान्यता परिषदेने तसा आदेशच काढला : १ जुलै २०२७ पासून केवळ डॉक्टरेटच ग्राह्य धरली जाईल. यावर मोठा वाद झाला. आदेशाच्या बाजूचे म्हणणे असे की, उपचार आता पुराव्यावर आधारलेला असावा लागतो. सेवा रुग्णालयाबाहेर शाळांत व घरांत पोहोचली आहे. स्वतंत्र निर्णय घेणाऱ्या व्यावसायिकास अधिक शिक्षण हवे. विरोधकांचे म्हणणे असे की, वेतनात त्या मानाने वाढ होईल याची हमी नाही. कर्ज मात्र निश्चित वाढेल. गरीब व अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थी दूर राहतील. आणि एवढ्या डॉक्टरेट वर्गांना पुरे पडतील इतके अध्यापक मिळणे कठीण आहे. २०१८ मध्ये आदेश स्थगित झाला आणि २०१९ मध्ये मास्टर्स व डॉक्टरेट हे दोन्ही प्रवेशमार्ग कायम ठेवण्यात आले.

या निर्णयाकडे तडजोड म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु त्याचा खरा परिणाम निराळा आहे. प्रतिष्ठा पदवीने मिळते की कामाने, हा या पेशाला प्रारंभापासून छळणारा प्रश्न संस्थांनी सोडविला नाही. तो त्यांनी बाविशी-तेविशीतल्या विद्यार्थ्याच्या अर्जावर नेऊन ठेवला.

५

या इतिहासाचा एक धागा मुंबईत येतो. एलिझाबेथ लुंडी या अमेरिकन स्त्री निंबकर कुटुंबात विवाह करून भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण त्यांनी पुढे, प्रौढ वयात, अमेरिकेत घेतले. १९५० मध्ये परळच्या के. ई. एम्. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली. भारतातील अशा शिक्षणाचा आरंभ तेथूनच होतो. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचार संघ स्थापन झाला, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला तेव्हा भारत त्याच्या संस्थापक सभासदांत होता. महासंघाने पुढे शिक्षणाची किमान प्रमाणे जाहीर केली. त्यांत प्रत्यक्ष कार्यानुभवाचे किमान १००० तास अपेक्षित आहेत. पदवीचे नाव अमुकच असावे, असा आग्रह नाही.

महाराष्ट्रात पदविकेकडून पदवीकडे प्रवास झाला, आणि प्रवेश-पदवी आजही बॅचलरचीच आहे. तीनंतरची एम्. ओ. टी. ही पदवी मज्जासंस्थेचे विकार, बालकांचे विकासदोष यांसारख्या एखाद्या शाखेत प्रावीण्य देणारी आहे. म्हणजे 'मास्टर्स' हा एकच शब्द अमेरिकेत बहुधा पेशाचे दार दाखवितो, तर मुंबई-नागपुरात त्या दारातून आत गेल्यावरची एक दालन-निवड दाखवितो. इंग्लंडात तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात : तीन वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्यास आणि अन्य विषयाची पदवी घेऊन दोन वर्षांचे नोंदणीपूर्व एम्. एस्सी. करणाऱ्यास एकाच नोंदवहीत स्थान मिळते. शब्दाचे मूल्य त्याच्या व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, हे भाषाविज्ञानाचे तत्त्व पदव्यांनाही तंतोतंत लागू पडते.

६

या इतिहासाच्या प्रकाशात पदव्युत्तर अभ्यासक्रमांची तुलना करू लागले असता काही प्रश्न आपोआप अग्रस्थानी येतात. अभ्यासक्रम प्रवेशाचा आहे की पेशात आधीच असलेल्यांसाठी आहे, हा पहिला प्रश्न होय. अमेरिकेची अधिमान्यता परिषद थेरपिस्टच्या प्रवेश-अभ्यासक्रमांनाच मान्यता देते. 'उत्तर-व्यावसायिक' मास्टर्स वा डॉक्टरेट कितीही नामांकित विद्यापीठाची असली, तरी तेवढ्यावरून तेथे उपचाराचा परवाना मिळतो असे नाही. परदेशी जाऊ पाहणाऱ्या भारतीय पदवीधराने हा भेद अर्ज करण्यापूर्वीच तपासणे आवश्यक आहे. प्रवेश-अभ्यासक्रम असेल, तर अधिमान्यता पूर्ण आहे की अद्याप प्रक्रियेत आहे, हा दुसरा प्रश्न. कारण तिच्यावाचून प्रमाणन परीक्षेस बसण्याचाच मार्ग खुंटतो.

तिसरा प्रश्न प्रत्यक्ष कामाचा. अमेरिकेत मास्टर्स व डॉक्टरेट या दोहोंतही पूर्णवेळ कार्यानुभवाचे किमान २४ आठवडे सारखेच आहेत. डॉक्टरेटमध्ये अधिक असतो तो १४ आठवड्यांचा, म्हणजे ५६० तासांचा, अंतिम प्रकल्प. तेव्हा दोन पदव्यांतील फरकाचे मोजमाप या प्रकल्पावरून व त्याभोवतीच्या अध्ययनावरून करणे इष्ट ठरते. प्रकल्प कोणाच्या मार्गदर्शनाखाली, कोणत्या संस्थेत आणि कोणत्या रुग्णांसमवेत होणार आहे? विद्यार्थ्यास संस्थाचालन, सेवायोजना किंवा एखाद्या शाखेतील विशेष प्रावीण्य यांची ओढ असेल आणि प्रकल्पात त्यास खरा वाव असेल, तर वाढीव काळ सार्थकी लागतो. तसे नसेल, तर ती वर्षे व ते कर्ज नावासाठीच खर्ची पडतात. संशोधनाची आस असणाऱ्याने तर मास्टर्सनंतर पीएच्. डी. हा जुना मार्ग नजरेआड करू नये.

चौथा प्रश्न खर्चाचा आहे, आणि तो गौण मानण्याचे कारण नाही. २०१७ ते २०१९ मधील वादात तोच निर्णायक मुद्द्यांपैकी एक होता. थेरपिस्ट ज्या रुग्णाच्या घरी जातो, त्याच्या परिस्थितीची ओळख असलेले विद्यार्थी या पेशात येणे ही रुग्णांचीही गरज आहे. ज्या पदवीच्या किमतीमुळे असे विद्यार्थी दारातूनच परततात, तिने पेशाची प्रतिष्ठा वाढली असे म्हणणे कठीण आहे.

क्लिफ्टन स्प्रिंग्जच्या सभेस जमलेल्या सहा जणांपैकी एकाजवळही व्यवसायोपचाराची पदवी नव्हती. तशी पदवी अस्तित्वातच नव्हती. त्यावरून पदवी निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. मज्जासंस्थेविषयीचे व बालविकासाविषयीचे आजचे ज्ञान कार्यशाळेतील हस्तकौशल्यावर भागणारे नाही, आणि विद्यापीठांनी ते पेशात आणले हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र पदविका, पदवी, मास्टर्स, डॉक्टरेट अशी नावे बदलत गेली, तरी प्रत्येक टप्प्यावर एक कसोटी कायम राहिली : या शिक्षणानंतर विद्यार्थी रुग्णाला त्याचे निसटलेले काम परत मिळवून देऊ शकतो काय? दोन अभ्यासक्रमांतून एकाची निवड करणाऱ्याने दोहोंनाही हाच प्रश्न विचारावा. ज्या विभागाजवळ त्याचे उत्तर आपल्या कार्यानुभवाच्या व्यवस्थेतून, अध्यापकांच्या कामातून आणि पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या वाटचालीतून दाखविता येईल, तो विभाग निवडावा. मग त्याच्या प्रमाणपत्रावर मास्टर्स लिहिलेले असो वा डॉक्टर.