भाले, चिलखते आणि बारसे

जुन्या जर्मन स्त्रीनामांचे अर्थ उलगडू लागावे, तो पाळण्यात मूल निजले आहे की शस्त्रागार उघडले आहे, असा प्रश्न पडतो. गेर्ट्रूड म्हणजे भाला आणि बळ. ब्रुनहिल्ड म्हणजे चिलखत आणि युद्ध. माटिल्डे म्हणजे सामर्थ्य आणि युद्ध. हेडविगमध्ये तर पहिला शब्दही युद्ध आणि दुसराही युद्धच!

या दुहेरी युद्धातच त्या नावांचे मर्म आहे. जुने जर्मन नाव सहसा दोन शब्दांचा जोड असे. पण त्यातून सरळ अर्थ निघालाच पाहिजे, असा आग्रह नसे. आईबापांच्या किंवा आजाआजीच्या नावातला एक तुकडा घ्यावा, त्याला दुसरा जोडावा आणि कुळाची खूण लेकराच्या नावात राखावी, असा प्रघात होता. अर्थापेक्षा नाते मोठे.

त्यामुळे नावातले युद्ध बहुधा नावापुरतेच राही. सातव्या शतकातील निवेलच्या मठाची प्रमुख संत गेर्ट्रूड हिला पुढे लोक साकडे घालू लागले, ते उंदरांचा उपद्रव टळावा म्हणून! सायलेशियाची हेडविग (मृत्यू १२४३) गोरगरिबांची सेवा करून संतपदाला पोचली. ऱ्हाइनकाठच्या हिल्डेगार्डने (१०९८–११७९) स्तोत्रांना चाली लावल्या, वनस्पतींच्या औषधी गुणांवर लिहिले. दहाव्या शतकात लॅटिन नाटके लिहिणाऱ्या गांडर्सहाइमच्या ह्रोत्स्वितने मात्र आपल्या नावाचा अर्थ स्वतःच लावला: बलवान घोष. आणि तो तिला शोभलाही.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात मार्गारेटे, कॅथरीना, एलिझाबेथ ही ग्रीक-हिब्रू मुळांची संतनामे घरोघर आली आणि जुनी नावे मागे पडली. एकोणिसाव्या शतकात राष्ट्राभिमानाच्या आणि जुन्या वीरकथांच्या ओढीने त्यांतली कित्येक परतली. स्विस लेखिका योहाना स्पीरी हिच्या १८८० सालच्या कथेतली, मुलांची लाडकी हायडी हीसुद्धा मूळची आडेलहाइडच. म्हणजे कुलीन वृत्तीची.

ज्यू घरांतही त्या काळी गेर्ट्रूड, हेडविग अशी नावे हौसेने ठेवली जात. त्या घरांची भाषा आणि मायभूमी जर्मनच होती. ऑगस्ट १९३८ मध्ये नाझी सरकारने फर्मान काढले: ज्या ज्यू स्त्रीचे नाव सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीत नसेल, तिने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला 'सारा' हे नाव जोडलेच पाहिजे. बर्लिनची कवयित्री गेर्ट्रूड कोल्मार हिच्यावरही ती सक्ती आली. १९४३ मध्ये तिला आउश्विट्झला धाडण्यात आले. तेथून ती परतली नाही.

हिब्रूत 'सारा' म्हणजे राजकन्या. अवमान करण्यासाठी निवडलेले नाव असे आडेलहाइडच्या बहिणीसारखे निघाले! पूर्वी नावाला नाव जोडीत, ते लेकीला कुळाशी बांधण्यासाठी. या फर्मानाने नावाला नाव जोडले, ते शेजारणीला परकी ठरवण्यासाठी.