लाल ठिपका आणि रिकाम्या कोठड्या

१/ २१ नोव्हेंबर १९७०. उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथे युद्धकैदी सोडवण्यासाठी अमेरिकी कमांडोंनी रात्री छापा घातला.

२/ सरावात अडचण नेमाची होती. बंदुकीची मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अंधारात एका रेषेत येईनात.

३/ म्हणून खुल्या बाजारातील 'सिंगलपॉइंट' रेड डॉट साइट निवडली गेली. एका डोळ्याला लाल ठिपका दिसे, दुसऱ्याला लक्ष्य; मेंदू दोन्ही जुळवी. प्रकाशखुणेने नेम धरण्याची मूळ कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांची, १९०० सालची.

४/ छापा चोख पार पडला. मात्र कैदी जुलैमध्येच अन्यत्र हलवले गेले होते. नेम साधनाने सुधारला, परंतु कोठड्या रिकाम्या आहेत हे हेरखात्यानेच सांगायला हवे होते.